आजीचा पेटारा आणि माझा हिशेब

बैठकीच्या सामानावरून घराची ऐपत ओळखावी असे म्हणतात. पेडणे तालुक्यातल्या माझ्या आजोळी ही कसोटी लावणारा पाहुणा हमखास फसेल. ओटीवर एक बाक, माजघरात झोपाळा, आतल्या खोलीत मंचक, भिंतीला टेकवलेले पाट आणि कोठीत फणसाच्या लाकडाचा भला मोठा पेटारा. खुर्च्या दोनच, त्यांना आजी अजून पोर्तुगीज वळणाने 'कदेल' म्हणते. बेळगावात आमच्या शेजारच्या कन्नड घरी मंचकाला 'मंच' म्हणतात नि पाटाला 'मणे'. लाकूड मात्र दोन्हीकडे तेच!

खुर्च्या इतक्या थोड्या का, याला इतिहास आहे. तिसवाडी, बारदेस, सासष्टी हे मुलूख पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले. पेडणे-डिचोली त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लागले. म्हणून सासष्टीतल्या मोठ्या घरांतून शिसवी, वेताने विणलेल्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात. आमची पंगत जमिनीवरच राहिली. रंगीत पाट-चौरंग हवे असतील तर लाखकामाची सावंतवाडी हाकेच्या अंतरावर. फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतात मुलीच्या लग्नात कोरीव कपाट देण्याची रीत होती. फ्रेंच 'आर्म्वार' आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेली 'अलमारी' या एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी आहेत. आमच्याकडे कपाटाऐवजी पेटारा, एवढाच फरक.

या पेटाऱ्याला लोखंडी खिळा म्हणून नाही. एका फळीच्या टोकाला जीभ, दुसरीत खाच, वरून लाकडाची खुंटी. खाऱ्या दमट हवेत खिळा गंजतो, लाकूड पावसाळ्यात फुगून सांधा उलट घट्ट होतो. नवे असताना हे लाकूड हळदीसारखे पिवळे असते. हात लागून लागून आता ते तांबूस-काळे झाले आहे.

२०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि आमच्या बाजूच्या जुन्या घरांना, त्यांतल्या सामानालाही, गिऱ्हाईक येऊ लागले. एक व्यापारी मामांकडे येऊन गेला. दोघा मामांमध्ये वाटणीचे बोलणे चाललेच होते. धाकटा मामा मला म्हणाला, "तू कॉमर्सचा ना? मग काढ किंमत."

मी वही घेऊन बसलो. घसाऱ्याच्या नियमाने सगळ्याची किंमत केव्हाच शून्य झालेली. नवे करायला काय लागेल, हे विचारायला गावातल्या मेस्ताकडे गेलो. तो हसला. एवढी रुंद फळी निघेल असा फणस आणणार कुठून? त्याचा मुलगा डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवी; २०१२ साली खाणी बंद पडल्यावर तो प्लायवूडच्या कामाला लागला. रंधा बापाकडेच राहिला.

आजी हे सारे ऐकत होती. गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आजोबा गेले तरी निम्मे तिचेच. हे मी मोठ्या रुबाबात सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे रे. पण पेटारा माझ्या बापाने दिलाय. तो वाटणीत धरूच नका."

मोठा मामा गप्प झाला. धाकट्याने एकदा पैशांचा आकडा सांगून पाहिला. आजीने तो ऐकलाच नाही, किंवा तसे दाखवले. मग तिने स्वतःच निवाडा केला: बाक आणि दोन्ही कदेल द्या, मंचक थोरल्याकडे, झोपाळा धाकट्याकडे, पाट लेकींना. पेटारा उघडून तिने मला आतल्या जिनसा लिहायला लावल्या. किमतीच्या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले. "रेघ मार," ती म्हणाली.

व्यापारी टेम्पो घेऊन आला त्या दिवशी मेस्तही आला होता, झाकणाची एक खुंटी बदलायला. त्याची मजुरी आजीने कमरेच्या पिशवीतून दिली.