आधी काटा, मग ट्यूब

नागपूरच्या माणसाला आपल्या थंडीचे कौतुक फार. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर चढला, तरी तो मुकाट्याने कूलरमध्ये पाणी भरतो, पण डिसेंबरात पहाटे तोंडातून वाफ निघू लागली, की परगावच्या पाहुण्याला मोठ्या ऐटीत सांगतो, "थंडी असावी तर आमच्या नागपूरची!" गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मात्र हा सारा अभिमान विसरून मी पोहण्याच्या तलावाच्या काठावर, अंगावर जेमतेम कापड ठेवून कुडकुडत उभा होतो. वय शेहेचाळीस, पेशा कॉलेजात मराठी शिकवण्याचा, आणि शेजारी उभी असलेली बरीचशी मंडळी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची!

या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचे, मग सायकल हाणायची आणि शेवटी धावायचे. मध्ये विश्रांती नाही. बूट चढवताना गेलेला वेळही घड्याळ मोजत असते. 1974 साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथे हा प्रकार सुरू झाला आणि 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असते. आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी सारे बरोबर निम्मे. पोहणे पहिले ठेवले आहे यात शहाणपण आहे. रस्त्यावर दमलेला माणूस खाली बसू शकतो, पाण्यात दमलेल्याला बसायला जागा नसते.

हे वेड मला कुठून लागले? आमच्याच गावचे डॉक्टर अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे पाच हजार किलोमीटर, एकट्याने सायकलवरून बारा दिवसांच्या आत पार केली. त्याच शर्यतीत नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ त्यांच्या काही तास आधी पोचले होते. ते वाचून मी सायकल घेतली. किंमत बाबांना निम्मीच सांगितली. तरी ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाबांचे म्हणणे वेगळे होते. ते एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांची ही गिरणी 1877 सालची. आता ती राहिली नाही. सक्करदऱ्याहून गिरणीपर्यंत ते त्यांच्या काळ्या, जड सायकलवर जात, हँडलला डबा अडकवून. जाऊन येऊन आठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, अशी तीस वर्षे. एकदा मी हिशेब केला, तो बहात्तर हजार किलोमीटर भरला; म्हणजे पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा! त्यांना कुणी पदक दिले नाही. म्हणून मी सरावाला निघालो की ते विचारीत, "काहून रे, मांगं कुत्रं लागलं का तुह्या?" आणि शर्यतीला पैसे मिळत नाहीत, उलट आपणच भरायचे, हे कळल्यावर नुसते हसले. ते हसणे मला लागले. ज्या कष्टांतून सुटावे म्हणून त्यांनी मला शिकवले, तेच कष्ट मी पैसे देऊन विकत घेत होतो!

असो. पंधरा फेऱ्या पोहून मी बाहेर आलो, तेव्हा दात वाजत होते आणि माझ्या मागे दोघेच उरले होते. अमरावती रस्त्यावर उजाडत होते. वाडीच्या बाजूला गोदामांपुढे ट्रकवाले शेकोटीभोवती बसले होते. एकाने ओरडून विचारले, "गुरुजी, घाई कायची?" वळून परत निघालो, वारा पाठीवर आला, आणि जरा बरे वाटते आहे तोच मागचे चाक बसले.

मुदत दोन तासांची. हात थंडीने बधिर. टायर उकलून नवी ट्यूब घाईने आत कोंबणार, इतक्यात अंगणातले घमेले आठवले. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून बुडबुडे शोधणारे बाबा, चमच्याच्या दांड्याने टायर उचकटणारे बाबा आणि त्यांचे शब्द : "आंधी काटा पाह्य, मंग ट्यूब." टायरच्या आतून बोट फिरवले. बाभळीचा काटा तसाच रुतलेला! तो न काढता ट्यूब घातली असती, तर पुढच्या शंभर पावलांत तीही गेली असती. सारे उरकायला अकरा मिनिटे गेली. एकामागून एक सायकली सणसणत निघून गेल्या.

सायकलवरून उतरून धावू लागले की पाय आपले राहत नाहीत, लाकडाचे होतात. फुटाळ्याचे पाणी उन्हात चकाकत होते. भोसल्यांच्या वेळचा हा तलाव मी शेकडो वेळा पाहिला आहे, पण चणे खात. सेमिनरी हिल्सचा चढ मोटारीतून कधी जाणवला नव्हता; त्या सकाळी त्याचा प्रत्येक दगड ओळखीचा झाला. एक मुलगी मला मागे टाकताना म्हणाली, "सर, थांबू नका!" ती माझ्याच वर्गातली निघाली. आता थांबण्याची सोयच उरली नाही.

एक तास चोपन्न मिनिटे. शेवटून चौथा. बायको आणि मुलगी टाळ्या वाजवीत होत्या. मफलर गुंडाळलेले बाबा मात्र माझ्याकडे न येता सरळ सायकलीकडे गेले.

"पंक्चर झालती?"

"हो."

"काटा पाह्यला?"

मी खिशातून काढून दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, चष्मा सारखा करून पाहिला. मग वाकून अंगठ्याने मागचे चाक दाबले.

"हवा कमी हाय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तर्रीपोह्यांच्या गाडीकडे निघाले.

पदक सगळ्यांनाच मिळते, तसे मलाही मिळाले. ते कपाटात आहे. काटा मात्र बाबांनी परत दिलेला नाही.