पावागडावरील अर्धे देऊळ

आपल्या लोकांच्या सहलीला देव लागतो. नुसते हिंडावयास जाणे आपल्या मनास अजूनही थोडे उधळेपणाचे वाटते. तीच बस एखाद्या देवस्थानाकडे निघाली, की खर्च सार्थकी लागतो. यात वावगे काही नाही. आपल्या वाडवडिलांनी हा देश पाहिला तो यात्रेच्याच निमित्ताने. परंतु यात्रेच्या वाटेवर जे पडके, भंगलेले, पूजेवाचून राहिलेले असते, त्याकडे पाहावयास आपल्याला सहसा सवड होत नाही. जेथे घंटा वाजत नाही आणि तीर्थप्रसाद मिळत नाही, तेथे थांबून करावयाचे काय, असा प्रश्न पडतो. हाच प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळींस पावागडच्या वाटेवर पडला, आणि त्यावरून बरीच बोलाचालीही झाली.

आम्ही उधन्याचे. सुरत आणि जळगाव यांस जोडणारा ताप्ती खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. हा मार्ग उधन्यापाशीच मुंबईच्या मार्गाला येऊन मिळतो. नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, धरणगाव या गावांकडची माणसे याच गाडीने येथे उतरली आणि मागांच्या खडखडाटात स्थिरावली. कोकणातील व गोमंतकातील काही कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने मागाहून आली. आमच्या विठ्ठलाच्या लहानशा देवळात त्यामुळे अहिराणी, कोकणी आणि देशावरची मराठी अशा तीनही बोली ऐकू येतात. भांडण मात्र आम्ही प्रमाण मराठीत करतो.

सहलीची पत्रिका वाटली गेली तेव्हा तीत शेवटी ‘चांपानेर येथील प्राचीन अवशेष – दोन तास’ अशी एक ओळ होती. ती आमच्यातील तरुण मंडळींनी घातलेली. त्यावर काणकोणकडच्या आमच्या एका मावशींनी सर्वांदेखत स्पष्ट सांगितले, “आमी देवाच्या पांयां पडूंक वतांव, फातर पळोवंक न्हय.” मावशी वयाने वडील आणि देवळाच्या कामात कोणाला हार न जाणाऱ्या, तेव्हा त्यांचा शब्द खाली पडू देणे कठीण. शेवटी असे ठरले, की दर्शन आधी होईल, मग वेळ उरला तर दगड.

पहाटे चार वाजता लक्झरी निघाली. भरुचेच्या पुलावर बायकांनी नर्मदेस हात जोडले, पोरांनी नाणी टाकावयास खिडक्या उघडल्या आणि थंडगार वारा आत आल्याबरोबर मोठ्यांचे ओरडणे ऐकले. बडोदे मागे पडले आणि उजाडल्यावर सपाट मुलखातून एकाएकी उठलेला पावागड दिसू लागला. सह्याद्री ज्या ज्वालामुखीच्या लाव्हाने घडला त्याच कुळातील हा डोंगर. बडोद्याच्या पुलांखालून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरावर उगम पावते, हे आमच्यातील पुष्कळांस ठाऊक नव्हते.

खासगी गाड्या पायथ्याशीच थांबतात. तेथून सरकारी बसने माचीपर्यंत, तेथून पाळण्याने वर, आणि पुढे पायऱ्या. गर्दी होती, पण रांग चालती होती. कालिकामातेचे दर्शन उत्तम घडले. पाच शतके शिखरावाचून राहिलेल्या या मंदिराची पुनर्बांधणी होऊन १८ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या नव्या शिखरावर ध्वज चढला. शिखराच्या जागी असलेला सदनशाह पीराचा दर्गा परस्परसंमतीने शेजारी हलविण्यात आला. आता तेथे प्रशस्त प्रांगण आहे, रुंद पायऱ्या आहेत आणि वर वाऱ्याने फडफडणारी ध्वजा आहे. मावशींनी डोळे भरून शिखर पाहिले आणि उपास सोडला.

खरी गोष्ट घडली ती उतरताना. पाळण्याच्या वरच्या स्थानकाजवळ, छाशिया तलावाच्या बाजूस, मौलियाच्या पठारावर लकुलीशाचे देऊळ आहे. गडावरील मंदिरांत हे सर्वांत जुने, दहाव्या-अकराव्या शतकातील. ‘आहे’ म्हणावयाचे ते अशा अर्थाने, की त्याचा गूढमंडप आणि अंतराळ तेवढे शिल्लक राहिले आहेत. ज्याच्यासाठी देऊळ बांधावयाचे तो गाभाराच गेला. तरुण मंडळी तिकडे वळली, आणि पाय दुखत असल्याने थोडे बसावे म्हणून बाकीचेही मागोमाग गेले.

लकुलीश म्हणजे पाशुपत संप्रदायाचा आद्य आचार्य. पुराणांनी त्यास शिवाचा अठ्ठाविसावा अवतार मानले. कुशिक, गार्ग्य, मित्र आणि कौरुष्य हे त्याचे चार शिष्य. त्याचे जन्मस्थान कायावरोहण, लोकांच्या तोंडी कारवण, हे बडोद्याच्याच मुलखात डभोईच्या बाजूस आहे. तेथे काळ्या पाषाणाचे एक लिंग असून त्याच्या दर्शनी भागावर लकुलीशाची मूर्ती कोरलेली आहे. विसाव्या शतकात स्वामी कृपाल्वानंदांच्या पुढाकाराने त्या स्थानी नवे मंदिर उभे राहिले आणि आज तेथे रीतसर पूजाअर्चा चालते. एकाच देवाची एकाच मुलखातली ही दोन स्थाने: एके ठिकाणी आरती, दुसऱ्या ठिकाणी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी.

आमच्यातील एक नाना, सारा जन्म मागांचे भाग कातण्यात गेलेले, भिंतीस हात न लावता पण अगदी जवळ जाऊन कोनाडे पाहत होते. दक्षिणामूर्ती, ब्रह्मा, विष्णू, गजेंद्रमोक्ष. कोणाचा हात गेलेला, कोणाचा चेहरा झिजलेला. द्वाराच्या वर ललाटबिंबावर लकुलीश बसलेला आहे. नाना म्हणाले, “एवढ्या उंचीवर दगड चढवून ही कलाकुसर केली, ती कोणाला दाखवायला? तेव्हा पाळणा नव्हता.” यावर कोणी उत्तर दिले नाही.

मावशी एका शिळेवर बसल्या होत्या. त्या काही वेळाने उठल्या आणि जेथे गाभारा असावयाचा त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून त्यांनी नमस्कार केला. पोरांना हसू आले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आमच्या कायम लक्षात राहील.

गोमंतकातील देवांची स्थलांतरे या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. नदी ओलांडून, रात्रीच्या अंधारात, जे हाती उचलता आले ते घेऊन लोक निघाले. मावशींचे म्हणणे असे, की आम्ही कवळ्यास जाऊन देवीपुढे नारळ ठेवतो, पण मूळ जागेची आठवण घरात निघाली की त्यांची आजी त्या दिशेला हात जोडी. देव गेला म्हणून जागा ओस पडली असे तिला वाटत नसे. “देव व्हेलो, पूण सुवात थंयच उरली न्हय?” इतकेच बोलून त्या चालू लागल्या. ज्या मावशी दगड पाहावयास येणार नव्हत्या, त्यांनीच त्या देवळापुढे सर्वांहून अधिक वेळ काढला.

आम्ही मात्र पुढचा सारा वेळ हाच विचार करीत होतो. गोव्यात देव वाचले ते माणसे त्यांस घेऊन गेली म्हणून. येथे काय झाले असावे? कोणी मोडले, की पूजा करणारे पिढ्यांमागून पिढ्या विरत गेले, की दोन्ही? दगडाकडे पाहून हे सांगता येत नाही. मोडल्याचा दोष घेणारा इतिहासात सहज सापडतो. विसरून गेलेल्यांची मात्र कोठेच नोंद होत नाही.

खाली उतरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली व दुपारी चांपानेरात शिरलो. पाटई रावळाची कथा गुजरातेत लहान मुलांसही ठाऊक असते: नवरात्रात देवी स्वतः गरब्यास आली, राजाने मोहाने तिचा पदर धरला आणि राज्य गेले. इतिहास सांगतो, की महमूद बेगड्याने सुमारे वीस महिने वेढा घालून १४८४ साली गड घेतला, पायथ्याशी नवी राजधानी वसविली आणि तिला मुहम्मदाबाद नाव दिले. मशिदी, बागा, हौद, कोट असा थाट उभा राहिला. १५३५ साली हुमायूनचे लोक कड्यात लोखंडी मेखा ठोकून गडावर चढले आणि ते वैभव संपले. राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली. म्हणजे त्या शहराचा दिमाख सारा पन्नास-एक वर्षांचा. आमच्या उधन्यातील कित्येक कारखाने याहून जुने आहेत.

जामी मशीद पाहून नाना पुन्हा थबकले. मिनार आणि कमानी तर होत्याच, पण झरोके, छतावरील कमळे, खांबांची घडण पाहून ते म्हणाले, “कारागीर तेच दिसतात. मालक बदलला, हात नाही.” या विषयावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे, नानांनी ते वाचलेले नाही. ती मशीदही आज संरक्षित स्मारकच आहे. वर लकुलीश आणि खाली ही मशीद, दोन्ही एकाच निळ्या पाटीखाली.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील र. ना. मेहता यांनी १९६९पासून काही वर्षे येथे उत्खनन केले. त्यात जंगलाखाली गाडलेली घरे आणि रस्ते, पाण्याचे पाट काढलेली अमिराची हवेली उघडी पडली. २००४ साली युनेस्कोने गड व नगर मिळून हे स्थान जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपला संबंध म्हणाल तर अठराव्या शतकात हा गड शिंद्यांकडे आला. १८०३ साली इंग्रजांनी तो घेतला आणि सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये शिंद्यांस परत दिला. तरुणांना ही हकिकत विशेष आवडली. नगराच्या वाटेवरील वळणदार पायऱ्यांची विहीर मात्र राहिली. बसवाल्याने भोंगा वाजवावयास आरंभ केला होता.

परतीच्या वाटेवर भजन व्हावयाचे होते, पण विषय निघाला आमच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा. जुने पाडून संगमरवरी बांधावे असा बहुतेकांचा कल आहे, वर्गणीही जमू लागली आहे. नाना म्हणाले, “पाडा, बांधा, पण आधी हे देऊळ कसे झाले ते कोणी लिहून काढा. पहिली मूर्ती कोणी आणली, पत्र्याचे छप्पर कोणी घातले, जागा कोणी दिली.” सर्वांस हे पटले. मागच्या आसनावरून एका मुलीची वही आली, आतला दिवा लावला गेला आणि आम्ही पहिली ओळ लिहावयास घेतली: देवळाची स्थापना, साल अमुक. कोणी १९७८ म्हणाले. मावशी म्हणाल्या, १९७९. नानांच्या मते त्याही आधी दोन वर्षे फोटो लावून आरती होत असे, तेव्हा स्थापना तीच धरावी. मूळच्या अकरा मंडळींपैकी बसमध्ये दोघेच होते आणि त्या दोघांचेही एकमत होईना. भरुच येईपर्यंत ती ओळ तशीच मोकळी राहिली. मग आम्ही साल सोडून दुसऱ्या ओळीपासून लिहावयास आरंभ केला.