दोन आसनांची गाडी

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म विकायला आहे, असा निरोप आल्यापासून मन अंबाजोगाईत ठरत नाही. दोनच आसनं, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, टप काढला की वर आभाळ. बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट तिच्यातून उतरावा, तापल्या मातीचा वास अंगावर यावा, एवढंच सारखं डोळ्यांपुढे येतं. फायबरला गंज चढत नाही, हे खरं. पण इतक्या थोड्या बनलेल्या गाडीची काच फुटली तर इथे कुठून आणायची? आमचे मिस्त्री ट्रॅक्टर-जीपचे. त्यांच्या हाताला गुण आहे, पण पार्ट तर मिळायला हवा. आईला दवाखान्यात न्यायचं, तर तिसरं माणूस बसणार कुठे? तरी नाही म्हणवत नाही. या वयात असा ध्यास उरलाय, याचंच अप्रूप वाटतं. रविवारी भावाला विचारीन. त्याला इंजिनातलं कळतं.