गाडीचा कारभारी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या मोटारींना संगणक नव्हते. असते तर त्यांनी तिसरेही एक वाक्य खात्रीने जोडले असते. गेले सहा महिने मी माझ्या मोटारीसाठी संगणक निवडत होतो, आणि एवढ्या अवधीत मला जितके सल्ले मिळाले तितके माझ्या लग्नाच्या वेळीही मिळाले नव्हते.

मोटार म्हणजे 1991 सालची दोन आसनी माझदा एमएक्स-5. आम्ही राहतो मेलबर्नला. गाडीचे 1.6 लिटरचे इंजिन मुळात गरीब स्वभावाचे. त्याला मी टर्बो जोडायचे ठरवले. टर्बोची करामत साधी आहे. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरते, आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. हे ‘म्हणून’ लिहायला सोपे. पण किती हवेला किती पेट्रोल आणि ठिणगी नेमकी केव्हा, हे ठरवायला चोख कारभारी लागतो. तो कारभारी म्हणजे हा संगणक.

त्याचे काम गृहिणींना चटकन समजेल. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. टर्बोचा दाब चढला की मात्र हात सैल सोडावा लागतो. साडेअकरा-बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल, कारण वरकड पेट्रोल आत थंडावा देते. प्रमाण चुकले की अनारसा तुपात हसतो, तसेच हे. फरक इतकाच, की मिनिटाला 6000 फेऱ्यांवर चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला 200 स्फोट होतात. सेकंदाला दोनशे घाणे तळायचे आणि एकही बिघडू द्यायचा नाही!

बिघडला तर? ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपल्या आपण भडकते. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. गाड्यांचे हे हिशेब बसवून देणाऱ्या एका ग्रीक म्हाताऱ्याकडे मी गेलो होतो. त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला आहे. दोन कड्यांमधली त्याची धार तुटून गेली आहे. “हा तीन-चार सेकंदांत गेला,” तो म्हणाला. त्या पिस्टनने मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवले.

गाडीचा मूळ कारभारी या कामाचा नव्हता. त्याच्या हवेच्या वाटेत स्प्रिंगची एक झडप आहे. ती किती ढळली त्यावरून तो हवा जोखतो. झडप पूर्ण उघडली की पुढे कितीही हवा आली तरी तिचे उत्तर एकच. वीसपर्यंतच आकडे येणाऱ्या पोराला पंगतीची पाने मोजायला बसवावे, त्यातली गत! शिवाय तो खडखडाट ऐकायला या इंजिनाला सेन्सरच नाही.

मग उमेदवार आले. पहिला दलाल. हा मूळ संगणक आणि त्याचे सेन्सर यांच्या मध्ये बसतो आणि इकडचे तिकडे थोडे खोटे सांगून काम भागवतो. स्वस्त खरा, पण ज्या घरात कारभारी खोट्या निरोपांवर चालतो, त्या घराचे पुढे काय होते हे आपण जाणतोच. दुसरा मेगास्क्वर्ट. बोलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकनांनी आराखडा केलेला, सुटे भाग आणून स्वतः डाख लावून जुळवता येणारा. हौशी माणसाला मोह पडावा असाच. तिसरे आमच्या शेजारपाजारचे: सिडनीचा हॉलटेक आणि न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा लिंक. चौथा तर आमच्याच मेलबर्नचा, 1987 साली सुरू झालेला मोटेक. शर्यतीच्या मैदानात त्याचा दबदबा मोठा, आणि किंमतही दबदब्याला साजेशी.

मी म्हाताऱ्याला विचारले, “यातला उत्तम कोणता?” तो हसला. त्याने पडद्यावर एक कोष्टक दाखवले. उभे सोळा, आडवे सोळा, 256 घरे. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब. “डबा कोणताही घे,” तो म्हणाला, “तुझ्या इंजिनासाठी ही घरे कुणीतरी एकेक करून भरायची आहेत. त्या माणसाला जो डबा पाठ आहे तो उत्तम.” रोलरवर गाडी चढवून दाबाची घरे एका दिवसात भरता येतात, पण थंडीतल्या सकाळी इंजिन चालू होणे, एसी लावल्यावर सिग्नलला बंद न पडणे, या गोष्टींना दिवस लागतात. इंजिन रात्रभर निवल्याशिवाय ती परीक्षा पुन्हा घेता येत नाही. आणि रस्त्यावरची गाडी धावते कमी, सिग्नलला उभी राहते फार.

निवड जवळजवळ झाली होती, तेवढ्यात आमच्या कन्येने एक प्रश्न विचारला. तिच्या परवान्यावर अजून हिरवा ‘पी’ आहे. व्हिक्टोरिया राज्यात तो असेपर्यंत ताकद वाढवलेले इंजिन चालवायला मनाई आहे. पुढच्या मार्चमध्ये तो ‘पी’ उतरतो, आणि तेव्हापासून ही गाडी तिची, असे आमचे ठरले आहे. मी तिला नव्या संगणकाचे गुण सांगत होतो. तेलाचा दाब पडला तर तो पेट्रोल तोडतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर तोडतो, खडखडाट ऐकू आला तर ठिणगी मागे घेतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, म्हणजे तो इंजिनाला जपतो. मला कोण जपणार?”

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “विचार, विचार! मी सहा महिने हेच विचारतेय.”

खरेच, या कारभाऱ्याला इंजिनाचा जीव कळतो. आत बसलेल्याचा कळत नाही. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तरी तेलाचा दाब आणि मिश्रण ठीक असेल, तर त्याच्या दप्तरी सर्व क्षेम आहे.

मग मी दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडे गेलो. क्राइस्टचर्चचा डबा घेतला, कारण तो त्याला पाठ आहे आणि खडखडाट ऐकायचा सेन्सर त्याला जोडता येतो. टर्बोचा दाब मात्र जादा हवा सोडून देणाऱ्या झडपेच्या स्प्रिंगवरच ठेवायला सांगितला, म्हणजे अर्ध्या बारच्या आत. तो संगणकाकडून वाढवून घेण्याची सोय होती. ती जोडूच दिली नाही. “एवढा खर्च करून एवढीच ताकद?” त्याने विचारले. मी कारण सांगितले. त्याने पिस्टन उचलून कागदाखालचा दुसरा कागद काढला, त्यावर आकडा लिहिला आणि म्हणाला, “माझ्या मुलीच्या गाडीलाही इतकाच आहे.”

अभियंत्याचा दाखला मिळाला आहे. मागचे टायर नवे घातले. आणि मार्चच्या आधी कन्येला ओल्या मैदानावर गाडी सावरायला शिकवणाऱ्या वर्गात, तिच्या साध्या गाडीसह, घातले आहे. त्या वर्गाची फी संगणकाच्या मानाने फारच थोडी निघाली.