शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं मी माणसांच्या हजेरीचा हिशेब ठेवते आहे. सुरुवात भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली. आज घरच्या खोलीत बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचं हेच काम बघते. माझ्या यादीतली माणसं पुण्यात आहेत, तशी अकोल्यात, कुडाळात, बेळगावातही आहेत. काही मंगळवार ते गुरुवार ऑफिसात येतात, काहींना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. हजेरी, रजा, पगार, नेमणूक, निरोप, सगळं आता आपोआप होतं. या काळात माझ्या टेबलावरून ज्या वस्तू उठल्या, त्यांची ही नोंद. काहींचं जाणं बरं झालं. तेही लिहिते.

मस्टर

लांबट, कापडी पुठ्ठ्याचं, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं. डावीकडे नाव, मग १ ते ३१ चौकोन, मग बेरजा आणि अगदी शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. सव्वाआठला मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. त्यानंतर येणाऱ्याच्या चौकोनात लाल खूण. तीन लाल खुणांना एक किरकोळ रजा कापली जायची. नियम कडक होता, पण त्या अरुंद रकान्यात माणूस मावायचा. 'बस पंक्चर, चौघे एकत्र.' 'मुलगा दवाखान्यात.' 'रात्री थांबून माल उतरवला, लेट धरू नये.'

स्टोअर्सचे एक क्लार्क महिन्याच्या १२ तारखेला अपघातात गेले. मी त्यांच्या नावावर रेघ मारायला पट्टी घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, "महिना संपू दे." पुढचे चौकोन रिकामे राहिले. रोज सकाळी त्यांच्या वरच्या आणि खालच्या ओळीतले दोघं सही करताना क्षणभर थांबायचे. नवीन महिन्याचं पान मी लिहिलं, तेव्हा नाव आलं नाही. जुन्या पानावरच्या शेऱ्यात साहेबांनी आपल्या हाताने 'कै.' लिहिलं होतं.

२०१७ साली केंद्राच्या नियमांनी नऊ कामगार कायद्यांखालची ५६ रजिस्टरं पाचांवर आणली आणि ती संगणकावर ठेवायची मुभा दिली. हळूहळू मस्टर विकत आणायचं कारणच उरलं नाही.

बिल्ला

पितळी, गोल, वर भोक, मध्ये नंबर कोरलेला. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या नमुना नियमांत कायम कामगाराला 'तिकीट' द्यावं असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे ते तिकीट म्हणजे हा बिल्ला. टूलरूममधून हत्यार घेतलं की त्या हत्याराच्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवायचा. शिफ्ट सुटली आणि एखादा बिल्ला खुंटीवरच राहिला, तर टूलरूमवाले काका शोधायला निघायचे. हत्यार कुठं राहिलं, आणि माणूस कुठं राहिला?

तिकीट हा शब्द अजून आहे. पगार कमी आला, रजा चुकीची लागली की हेल्पडेस्कवरून उत्तर येतं, 'तिकीट रेझ करा.' पूर्वी नंबर माणसाला असायचा, आता अडचणीला असतो. अडचण मिटली की तिकीट बंद होतं.

पंचिंग कार्ड

पिवळसर जाड कागद. घड्याळाच्या फटीत घातलं की खट्. वेळेत असाल तर निळा ठसा, उशीर झाला तर लाल. अशा कार्डाच्या घड्याळाचं पेटंट अमेरिकेत डॅनियल कूपर यांनी १८९४ साली घेतलं होतं. एकाने दुसऱ्याचं कार्ड मारायचं आणि पकडलं गेलं की दोघांनाही मेमो, हे महिन्यातून एकदा तरी व्हायचं. तो मेमो टाइप करायचं काम माझ्याकडे असायचं. हे गेलं त्याचं मला दुःख नाही.

अंगठा

मी लागले तेव्हा पगारपत्रकावर सही न येणारे दहा-बारा जण होते. शाईचं पॅड पुढे करायचं, अंगठा टेकवायचा, पुसायला चिंधी द्यायची. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन त्यातल्या एकांनी पहिल्यांदा सही केली, तेव्हा त्यांनी पॅड माझ्याकडे परत सरकवलं आणि म्हणाले, "बाई, हे आता ठेवून द्या." मी ते कपाटात टाकलं.

काही वर्षांनी अंगठा यंत्र होऊन परत आला. ज्यांचे हात कूलंटमध्ये भिजून आणि कानस मारून गुळगुळीत झाले होते, त्यांना यंत्र ओळखेना. बावीस वर्षं त्याच गेटातून आत आलेला माणूस तीनतीनदा बोट टेकवून उभा राहायचा आणि मागे रांग वाढायची. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यातही ही अडचण होती. २०२१ पासून तो चेहरा दाखवून मिळू लागला, हे चांगलं झालं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने बोट टेकवणं ठिकठिकाणी थांबलं. घरून काम करणाऱ्यांची हजेरी आता नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यावर लागते.

पगाराचं पाकीट

खाकी. वर पेनने नाव, नंबर, रक्कम. आत नोटा आणि तळाशी चिल्लर. हजाराहून कमी कामगार असतील तर पगार ७ तारखेच्या आत आणि त्याहून जास्त असतील तर १० च्या आत व्हावा, असं १९३६ चा कायदा सांगत होता. आमची तारीख ७. शेजारी ओल्या स्पंजची वाटी असायची. स्पंजवर रेव्हेन्यू स्टँप ओला करायचा, पगारपत्रकावर चिकटवायचा, त्यावर आडवी सही घ्यायची.

त्या दिवशी फाटकाबाहेर दोन प्रकारची माणसं उभी असायची: सावकाराची माणसं आणि कामगारांच्या बायका. कोण आधी पोचतं यावर घरचा महिना ठरायचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगार थेट बँकेत भरायला कामगाराची लेखी परवानगी लागेनाशी झाली. पाकीट गेलं, आणि फाटकाबाहेरची ती शर्यतही संपली. हे मी मनापासून चांगलं म्हणते.

एक गोष्ट मात्र पगाराच्या खिडकीबरोबर गेली. पाकीट हातात घेतल्याबरोबर माणूस विचारायचा, "ताई, हे चौऱ्याऐंशी रुपये कसले कापले?" मी पत्रक फिरवून त्याच्यापुढे धरायचे आणि बोटाने दाखवायचे: सोसायटीचा हप्ता, कँटीन, एक गैरहजेरी. आता पगाराची चिठ्ठी पासवर्ड लावून ईमेलने येते. कपातीपुढे इंग्रजी आद्याक्षरं असतात. एक मुलगा कंपनी सोडताना मला म्हणाला की चार वर्षांत त्याने ती कधी उघडलीच नाही.

रजेचा अर्ज

वहीचा फाडलेला ताव. 'सविनय अर्ज करतो की' इथपासून सुरुवात. मग कारण, आणि कारण पूर्ण असायचं. गावी भात लावणी आहे, भाऊ एकटा आहे. बहिणीच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत. आईने यंदा वारीला सोबत चल म्हटलं आहे. खाली 'तरी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'

फॅक्टरी ॲक्टप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळायची. हिशेब एवढाच. पण गणपतीला कोकणातले सगळे अर्ज एकाच आठवड्याचे यायचे आणि मशीन तर चालू राहायला हवी. मग सुपरवायझर, मी आणि ते पंधरा-सोळा जण कँटीनच्या बाकांवर बसायचो. कुणाच्या घरी दीड दिवसाचा गणपती, कुणाच्या पाच दिवसांचा, कुणाच्या गौरी, कुणाच्या घरात यंदा सुतक. दीड दिवसवाला आधी जाऊन परत यायचा, मग दुसरा निघायचा. तासाभरात सगळं जुळायचं. ज्याला जाता आलं नाही, त्याला निदान कुणासाठी आपण थांबलो ते माहीत असायचं.

आता यादीतून प्रकार निवडायचा, तारखा निवडायच्या. टीममधल्या ठरावीक माणसांपेक्षा जास्त जणांनी त्याच दिवशी रजा टाकली, तर उरलेल्यांचा अर्ज प्रणाली नाकारते. जो आधी बटण दाबेल त्याची रजा. कारणाच्या जागी बहुतेक जण लिहितात, 'पर्सनल.'

नोटीस बोर्ड

हिरवं कापड, काचेचं दार, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावले पाहिजेत, अशी १९४६ च्या कायद्याची अट होती. म्हणून आमच्या फाटकाशी मराठी प्रत होती. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ती मोठ्याने वाचायचं, बाकीचे ऐकायचे, वाद घालायचे. एकदा एका हेल्परने मला त्या बोर्डापुढे नेऊन कलमावर बोट ठेवून दाखवलं की त्याला दिलेला मेमो नियमात बसत नाही. त्याचं बरोबर होतं. मेमो मागे घेतला गेला.

आमचं धोरण आता चाळीस पानांची इंग्रजी फाईल आहे. तळाशी 'मला मान्य आहे' असं बटण. नवीन माणूस ते पहिल्या दिवशी दाबतो. ती फाईल मराठीत आणि हिंदीत करून घ्यायचं काम मी गेल्या वर्षी हातात घेतलं. अजून अर्धंच झालं आहे.

१ जून

ही वस्तू नव्हे, तारीख आहे. पण वैयक्तिक फाईलमधून तीच माझ्या लक्षात राहिली. फाईलला पांढरी नाडी, आत शाळा सोडल्याचा दाखला आणि दाखल्यावर जन्मतारीख १ जून. माझ्या पिढीतल्या आणि आधीच्या कितीतरी मराठी माणसांची हीच तारीख आहे, कारण नाव घालायला नेलं तेव्हा घरच्यांना तारीख माहीत नव्हती आणि गुरुजींनी ही लिहून टाकली. फाईलमध्ये दाखला जोडताना कामगार सांगायचे, "खरा जन्म अक्षय्यतृतीयेच्या आसपासचा, आई म्हणते." मी पेन्सिलने कोपऱ्यात लिहून ठेवायचे.

कारखान्यातल्या शेवटच्या वर्षी या फाईली स्कॅन झाल्या. पेन्सिल स्कॅनमध्ये उमटली नाही. त्या १ जूनला प्रणालीने एकोणीस जणांना एकाच मिनिटाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या.

पीएफचा जुना नंबर

नोकरी बदलली की नंबर बदलायचा. फॉर्म १३ भरायचा, जुन्या मालकाची सही आणायची, आणि जुना कारखाना बंद पडला असेल तर हेलपाटे घालायचे. चार नोकऱ्यांचे चार नंबर आणि त्यातल्या दोन ठिकाणचे पैसे सोडून दिलेले, अशी माणसं मी पाहिली आहेत. घामाचे पैसे होते ते. २०१४ पासून एकच खाते क्रमांक माणसाबरोबर फिरतो. या एका गोष्टीसाठी मी संगणकाला हात जोडते.

नो ड्यूज

निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशीचा कागद. टूलरूम, स्टोअर्स, कँटीन, सोसायटी, वाचनालय, सिक्युरिटी, प्रत्येकाची सही हवी. कामाचा कागद, पण त्याच्या निमित्ताने माणूस सगळ्या कारखान्यातून एकदा फिरायचा. प्रत्येक टेबलाशी चहा, कुठे पेढा, कुठे जुनं भांडण मिटवणं. सकाळी दहाला निघालेला कागद माझ्याकडे साडेचारला पोचायचा आणि तो घेऊन येणाऱ्याचे डोळे लाल असायचे.

हल्ली लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला येतो. संध्याकाळी सहाला प्रवेश बंद होतो. सहानंतर त्या माणसाने सहकाऱ्यांना लिहिलेला निरोपाचा मेल जात नाही. म्हणून मी आता शेवटच्या दिवशी सगळ्यांना आधी फोन करून सांगते, मेल दुपारीच पाठवा.

शेरा

प्रणालीत एक नियम होता. सलग तीन कामाचे दिवस लॉगिन नाही, रजेचा अर्ज नाही, तर चौथ्या सकाळी आपोआप पत्र जायचं. त्या पत्राच्या विषयात शब्द असायचा 'ॲबस्कॉन्डिंग'. म्हणजे फरार. मस्टरमध्ये आम्ही 'गै' लिहायचो, गैरहजर. फरार हा पोलीस ठाण्यातला शब्द आहे.

दोन वर्षांपूर्वी ते पत्र अकोल्याच्या एका मुलीला गेलं. तिचे वडील वारले होते. दहावाही झाला नव्हता. पत्र मी लिहिलं नव्हतं, वाचलंही नव्हतं, पण खाली माझं नाव होतं. मला कळलं तेव्हा मी फोन केला. ती रागावली नाही. म्हणाली, "मॅम, मी ॲप उघडलं होतं. पण त्यात कारण निवडायचं होतं, आणि हे कारण त्यात नव्हतं."

त्या रात्री मला ते रिकामे चौकोन आठवले, आणि 'महिना संपू दे' म्हणणारे साहेब. मस्टर परत यावं, पाकीट परत यावं, असं मला वाटत नाही. पण त्या प्रत्येक कागदाच्या पलीकडे एक माणूस होता आणि कागद हातात घेताना तो विचारायचा, काय झालं? यंत्राला कागदाचं काम दिलं, तेव्हा हे विचारायचं काम कुणालाच दिलं नाही. ते आम्ही द्यायला हवं होतं. माझ्या खात्याची ती चूक आहे, आणि ती सुधारता येते.

दोन बदल मी करून घेतले. ते पत्र आता आधी माझ्याकडे येतं आणि फोनवर बोलणं झाल्याशिवाय पुढे जात नाही. आणि रजेच्या फॉर्मवर कारणांच्या यादीखाली एक मोकळी चौकट आहे. तिचं नाव 'शेरा'. सक्ती नाही, कुठल्याही भाषेत लिहा. बहुतेक वेळा ती रिकामी येते. भरलेल्या मी दर सोमवारी सकाळी वाचते, चहा घेऊन, एकेक.

'आंबे उतरवायचे आहेत, गडी मिळत नाही.' 'बायकोची परीक्षा आहे, मुलाला सांभाळणार.' 'आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शुक्रवारी पट्टी काढणार.'

शुक्रवारी दुपारी मी कुडाळला फोन लावला आणि विचारलं, पट्टी निघाली का?