काळे दिसे ते काळे नसे

आमच्या आजीस रात्री ओटीची पायरी उतरताना वारंवार ठेच लागे. अंधार पडताच आपोआप लागणारा लहानसा दिवा तिला करून देण्याचे आम्ही मोठ्या डौलाने कबूल केले, आणि त्याचा सर्किट बोर्ड घरीच छापण्याचे योजिले.

ही विद्या नवी नव्हे. व्हिएन्ना येथे जन्मलेल्या पॉल आइस्लर नामक अभियंत्याने इंग्लंडात १९३६ साली छापील बोर्डाचा रेडिओ तयार केला होता. आमची कृती अशी: तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाने पालटणारा लेप असतो. तारांच्या जागी काळ्या रेषा छापलेली पारदर्शक फिल्म त्यावर ठेवून अतिनील दिवा लावावयाचा. उजेड लागलेला लेप कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात विरघळतो, रेषांखालचा टिकतो. मग उघडे पडलेले तांबे फेरिक क्लोराइड खाऊन टाकते.

लेझर प्रिंटरवर छापलेली आमची फिल्म पांढऱ्या कागदावर काजळासारखी काळी दिसली. वडील म्हणाले, "एकदा उजेडासमोर धरून पाहिलीस का?" आम्ही उत्तरलो, "होय, बाबा." वास्तविक आम्ही पाहिली नव्हती.

हातमोजे व चष्मा घालून, वडिलांच्या देखरेखीखाली बोर्ड द्रावणातून काढला, तो रेषांची चाळण झालेली! दोन तर पार तुटल्या होत्या. बोर्डाचे पैसे वडिलांनी दिले होते. रात्री फिल्म दिव्यासमोर धरली, तेव्हा त्या काजळात असंख्य बारीक छिद्रे चांदण्यांप्रमाणे चमकली. आम्ही वडिलांस खरे काय ते सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "बोर्ड दुसरा आणता येईल. पण न पाहिलेले पाहिले असे पुन्हा म्हणू नकोस."

दुसऱ्या खेपेस दोन प्रती छापून एकीवर दुसरी तंतोतंत जुळविली व कडा चिकटपट्टीने बांधल्या. एकीची छिद्रे दुसरीने झाकली. रेषांखाली उजेड शिरू नये म्हणून आकृती उलटी छापून छपाईची बाजू तांब्यास भिडविली व वर काच ठेविली. उजेड किती वेळ द्यावा, हे एका लहान तुकड्यावर अजमावले.

आता तिन्हीसांजेस ओटीवरचा दिवा लागतो. आजी पायरी उतरून तुळशीपाशी जाते, आणि आम्हांस त्या फसलेल्या बोर्डाची आठवण होते. तो आम्ही टाकला नाही. अभ्यासाच्या मेजावर समोरच ठेविला आहे.