नांगऱ्याच्या कुटुंबाने दिलेले लेणे

सुट्टी लागली की आपल्या लेकरांचा एकच हट्ट असतो, ‘लोणावळ्याला चला!’ लोणावळा म्हणजे चिक्की, धुके, भुशी धरण आणि मेणाचे पुतळे, एवढेच त्यांना ठाऊक असते. पुणे-लोणावळा लोकलच्या खिडकीतून जे डोंगर दिसतात, त्यांच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, आणि ती उभारायला राजेरजवाड्यांबरोबर आपल्यासारख्या कष्टकरी माणसांनीही हातभार लावला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपल्यातल्या कित्येक मोठ्या माणसांनाही ते ठाऊक नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेच्या पलीकडे, इंद्रायणीच्या काठी आंबी हे गाव आहे. भातशेतीच्या या गावाभोवती आता औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. माझी आत्या तिथे राहते. तिचे सारे आयुष्य भाताच्या लावणी-कापणीत गेले. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलाबाळांसह तिच्याकडे मुक्काम ठोकला आणि दोन दिवसांत मावळातली लेणी पाहिली. आत्यालाही बरोबर घेतले. ‘माझे गुडघे कुरकुरतात रे,’ म्हणत का होईना, ती निघाली.

देहूरोडची मूर्ती

आंबीहून रिक्षाने तळेगाव स्टेशन गाठले आणि पुण्याकडे जाणारी लोकल पकडून प्रथम देहूरोडला उतरलो. मावळची धम्मयात्रा इथूनच सुरू व्हावी असे मला वाटते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथील विहारात आपल्या हस्ते तथागतांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. ही मूर्ती रंगूनहून आणलेली. तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, तोही २५ डिसेंबरचाच दिवस होता. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे मूर्ती बसवली तेव्हा धम्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. दरवर्षी २५ डिसेंबरला इथे मोठा जनसमुदाय लोटतो. ज्यांना शांतपणे वंदना घ्यायची आहे त्यांनी एरवीच्या दिवशी यावे. तळेगावातही बाबासाहेबांचा बंगला आहे, तोही मुलांना जरूर दाखवावा.

शेलारवाडी : कुडुंबिनी सियगुतनिका

देहूरोडहून परत तळेगावकडे येताना बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन छोटी स्थानके लागतात. तिथून जवळच जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक डोंगर आहे. लोक त्याला घोरावडेश्वराचा डोंगर म्हणतात. मुख्य लेण्यात आता शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पण इतिहासाच्या पुस्तकांत याच लेण्यांना शेलारवाडीची बौद्ध लेणी म्हणतात. वर चढायला पायऱ्या आहेत. आम्ही आत्याला मध्येमध्ये बसवत, सावकाश वर नेले.

इथे ब्राह्मी लिपीतला एक शिलालेख आहे. त्याचा भावार्थ असा : धेनुकाकट गावी राहणारा, नांगर धरून शेती करणारा गृहस्थ उसभणक. त्याची बायको सियगुतनिका हिने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले.

मी हे आत्याला सांगितले. ती म्हणाली, ‘नांगऱ्याच्या बायकोनं? एवढं मोठं?’

‘होय आत्या. आणि तिच्यासाठी लेखात शब्द काय वापरलाय ठाऊक आहे? कुडुंबिनी.’

आत्या हसली. ‘म्हणजे आमची माणसं बायकोला कुटुंब म्हणत, तेच की!’

तेच! दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला शब्द आणि आमच्या आत्याच्या तोंडातला शब्द एकाच घरातले निघाले. आत्या बराच वेळ त्या लेखाकडे पाहत बसली होती. जन्मभर या डोंगराखालून तिचे येणे-जाणे झाले. पण चिखलात राबणाऱ्या घरची एक बाई आपल्या नावाने इथे दान देऊन गेली आहे, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले.

आपल्याला नेहमी काय शिकवले गेले? की इतिहास राजांचा असतो, पंडितांचा असतो. राबणाऱ्यांना इतिहास नसतो. ज्यांना असे वाटते त्यांनी शेलारवाडीचा डोंगर चढावा. तिथे एका शेतकरी बाईचे नाव दगडावर आहे, आणि ते तिच्या दानामुळे आहे.

भाजे : पाण्याचे दान

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावहून लोकलने मळवली गाठली. इथून दक्षिणेला भाजे आणि उत्तरेला कार्ले. भाज्याला चालत जाता येते.

भाज्याची लेणी फार जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाचे खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलायला खांब असे तिरके रोवत. दगडात तशी गरज नव्हती, तरी कारागिरांनी हाताला वळण होते तसेच कोरले. वर छताला आजही जुन्या लाकडी कमानी आहेत. शेजारी लहानमोठ्या १४ स्तूपांचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर स्थविरांची नावे आहेत : अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन. इथे राहिलेल्या थोर भिक्खूंची ही स्मारके आहेत.

आमच्या धाकटीने विचारले, ‘बाबा, इथे बुद्धाची मूर्ती कुठे आहे?’ प्रश्न चांगला होता. ही लेणी कोरली तेव्हा तथागतांची मूर्ती घडवण्याची प्रथाच नव्हती. स्तूप हेच वंदनेचे स्थान होते. मूर्ती पुढच्या काळात आल्या. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती दिसतात, त्या मूळ चैत्यगृहानंतर कित्येक शतकांनी कोरलेल्या आहेत.

भाज्याला पाण्याची टाकी आहेत. एका टाक्यावर लेख आहे की कोसिकीपुत्र विण्हुदत नावाच्या महारठीने ही ‘पोढी’ दान दिली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. कामशेतहून पवनानगरच्या बाजूला बेडसे गाव आहे, तिथल्या लेण्यातही सामडिनिका नावाच्या महारठिनीने असेच दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे त्या काळी पाणी देणे हा धम्म होता. पुढे याच महाराष्ट्रात अशी वेळ आली की पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. भाज्याच्या टाक्याकाठी उभे राहून मुलांना ही गोष्ट सांगावी. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ती पक्की लक्षात राहते.

बेडश्याला त्या दिवशी जाणे झाले नाही, पण पूर्वी मी ते पाहिले आहे. ज्यांना गर्दी नको त्यांनी तिथेच जावे. चैत्यगृहासमोरचे उंच खांब आणि त्यांवर प्राण्यांच्या पाठीवर बसलेली स्त्री-पुरुषांची शिल्पे पाहून मन थक्क होते. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याच्या दानाचा लेख तिथे आहे. आणि एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या भिक्खूचे नाव आहे. तो स्तूप त्याच्या शिष्याने उभारला. श्रेष्ठीचा मुलगा आणि भिक्षापात्र घेतलेला भिक्खू, दोघांचीही नावे एकाच डोंगरात!

कार्ले : ज्याचे जसे दान

दुपारी भाकरी खाऊन आम्ही कार्ल्याला गेलो. पायथ्यापासून वरपर्यंत हार-नारळाची दुकाने आणि एकवीरा देवीच्या भाविकांची रीघ असते. एकवीरा ही आगरी-कोळी बांधवांची आणि इतरही अनेकांची कुलदेवता आहे. तिचे मंदिर चैत्यगृहाच्या अगदी दारात आहे. रांगेतल्या अनेकांचे लेण्याकडे लक्षही जात नाही. कोणाच्या श्रद्धेला बोल न लावता आपण पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढून लेण्यात शिरावे.

आत पाऊल टाकले आणि मुले गप्प झाली. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच असे हे चैत्यगृह आपल्या देशातले सर्वांत मोठे आहे. ३७ खांब, शेवटी स्तूप, वर लाकडाच्या जुन्या कमानी. आत्याने हात जोडून बुद्धवंदना म्हटली आणि तिचा आवाज त्या दालनात घुमत राहिला.

वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे एका लेखात मोठ्या अभिमानाने सांगितले आहे. पण हे काम एकट्या शेटजीचे नव्हते. खांब वेगवेगळ्या लोकांनी दिले. त्यांत धेनुकाकटचे यवन होते, म्हणजे परदेशी वंशाचे लोक. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताने दार दिले. एका भिक्खुणीने वेदिका दिली. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आणि दाराशी नाव आहे सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या मुलाचे. दर्शनी दाराचे काम त्याने केले. ज्याची जशी ऐपत तसे त्याचे दान, आणि ज्याचे दान त्याचे नाव! आपल्या वस्तीत विहार बांधताना कोणी सिमेंटची गोणी देतो, कोणी पंखा देतो, गवंडी एक दिवस फुकट राबतो. आपली ही रीत नवी नाही.

इथल्या लेखांत राजेही आहेत. नहपान राजाचा जावई उषवदात याने वलुरक लेण्यातल्या भिक्खूंच्या वर्षावासासाठी करजिक गाव दिले. वलुरक हे कार्ल्याच्या लेण्याचे जुने नाव. पुढे सातवाहनांनी आपल्या अमात्याला पाठवलेल्या आज्ञेत या मुलखाचे नाव येते ‘मामाल’. तेच आजचे मावळ.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

ही अक्षरे वाचणारे शेकडो वर्षे कोणी उरले नव्हते. म्हणून लोकांनी कुठे पांडवांची, कुठे आणखी कोणाची लेणी अशी नावे दिली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली आणि मुकी झालेली ही माणसे पुन्हा बोलू लागली. ही लिपी आपल्या मुलांनाही शिकता येते. ‘क’ बेरजेच्या चिन्हासारखा, ‘र’ म्हणजे नुसती उभी रेघ, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर टेकलेली उभी रेघ, आणि अनुस्वार म्हणजे टिंब. एवढे सांगितल्यावर आमच्या थोरल्याने कार्ल्याच्या खांबावर ‘दानं’ मधला ‘नं’ शोधून काढला. मग त्याला बाहेर काढता काढता नाकी नऊ आले!

मात्र एक गोष्ट पाहून जीव तुटतो. खडूने, खिळ्याने, रंगाने आपली नावे खरडणारे लोक सगळीकडे आहेत. सियगुतनिकेचे नाव तिने काही दिले म्हणून दगडावर आहे. आपण काय दिले म्हणून आपले नाव तिथे लिहावे? मेणबत्त्या-अगरबत्त्या आत लावू नयेत, काजळीने दगड खराब होतो. फुलेही निघताना उचलून आणावीत.

पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी आंबीच्याच इंद्रायणीवर, खाली कुंडमळ्याला, जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. पाण्यात उतरू नये, जुन्या पुलावर गर्दी करू नये. लेणी पाहायला हिवाळा उत्तम. सकाळी लवकर निघावे, भाकरी-पाणी बरोबर घ्यावे. १५ वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट पडत नाही आणि लोकलचे भाडे गरिबाला परवडणारे आहे. म्हणजे खर्चाची सबब सांगायला जागा नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तेव्हा आपला हरवलेला वारसाही परत दिला. पण वारसा नुसता सांगून टिकत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तो डोळ्यांनी पाहावा लागतो आणि लेकराने बोट ठेवून वाचावा लागतो. येत्या सुट्टीत लोणावळ्याचे तिकीट काढाल, तेव्हा वाटेत उतरा. चिक्की येताना घेता येईल.